मरळ श्वासाला वर येते

पाईक पकडण्याचे परदेशी व्हिडिओ बघून गळाने मासे धरणाऱ्या बऱ्याच जणांच्या पेटीत स्टीलच्या तारेचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला मजबूत तुकडा, येऊन पडलेला असतो. पाईक हा युरोप-अमेरिकेतल्या थंड पाण्यातला मासा. त्याचे दात सुरीसारखे, साधी दोरी सहज कापतात, म्हणून तिकडे तार लागते. आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगा-भोगावतीत पाईक नाही. गवतात दबा धरायचं त्याचं काम आपल्याकडे मरळ करते, आणि तळाची शिकार शिंगाळा करतो. मरळीचे दात बारीक आणि टोकदार. ते दोरी एका झटक्यात तोडत नाहीत, घासून घासून कमजोर करतात. त्याला ४०-५० पौंडी जाड मोनोचा (एकाच धाग्याच्या नायलॉन दोरीचा) दीड-दोन फुटांचा लीडर पुरतो. तार लावली की आमिष म्हणून लावलेल्या रबरी बेडकाचं नाक खाली जातं आणि त्याची चालच बिघडते.

मरळ पकडायची तर आधी तिचा श्वास समजून घ्यावा लागतो. तिला नुसते कल्ले पुरत नाहीत. डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा धरायची पोकळी असते आणि ती भरायला तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं. वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते. म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या संथ, गढूळ, केंदाळाने भरलेल्या पाण्यात दुसरे मासे टिकत नाहीत तिथे ती आरामात राहते. आणि म्हणूनच ती स्वतःचा पत्ता स्वतः देते.

काठावर गेल्या गेल्या गळ फेकायला सुरुवात करणं ही पहिली चूक. पंधरा मिनिटं गप्प बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका, पाय आपटू नका. मरळीचा श्वास ‘टप्’ असा छोटा असतो, एक लहान वर्तुळ उठतं आणि मागे एक-दोन बुडबुडे राहतात. शिकारीचा फटका याच्या उलट, पाणी फुटल्यासारखा मोठा. कासव वर येतं तेव्हा नाक काही वेळ दिसत राहतं, मरळ क्षणात खाली जाते. एकाच भागात दोन-तीनदा श्वास दिसला तर मासा तिथेच मुक्कामाला आहे. श्वासाच्या जागा एका रेषेत पुढे सरकत असतील तर तो फिरतोय, मग गळ त्याच्या वाटेवर पुढे टाकायचा. वर्तुळाच्या डोक्यावर बेडूक आपटला की मासा पळतो. पाच-सहा फूट पलीकडे टाकून तिथून ओढत आणायचा.

जागा म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या वरच्या बाजूचं साठलेलं पाणी, ओढा नदीला मिळतो ती तोंडं, वीटभट्ट्यांच्या जुन्या खणी. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी काठापर्यंत चढतं आणि काठचं गवत पाण्यात येतं. तेव्हा मरळ पसरलेली असते, सापडायला अवघड. फेब्रुवारीपासून पाणी उतरू आणि तापू लागतं तशी ती उरलेल्या केंदाळाच्या कडेला गोळा होते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी धरला जातो आणि माशाच्या शरीराची गरज वाढते, त्यामुळे श्वासही जास्त वेळा. मार्च ते मे सकाळचे पहिले दोन तास आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत, हीच वेळ. डिसेंबरच्या थंडीत मात्र पहाटे उठून उपयोग नाही. ऊन चढल्यावर अकरानंतर जा.

सामान फार लागत नाही. साडेसहा ते सात फुटांची, टोकाला थोडी लवचिक पण खालच्या निम्म्यात कडक अशी काठी. रील ३००० नंबरचं चालतं. त्यावर ३० ते ५० पौंडी ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी. इथे मोनो मुख्य दोरी म्हणून वापरू नका. मोनो ताणली जाते, आणि केंदाळाच्या मुळ्यांतून गळ रुतवायला लागणारा झटका त्या ताणातच जिरून जातो. ब्रेड आणि लीडरची गाठ डबल युनी. बांधताना ओली करून आवळा, कोरडी आवळली की घर्षणाने मोनो जळते आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तुटते. ब्रेडचे वेढे मोनोच्या वेढ्यांपेक्षा दोन-तीन जास्त घ्या, नाहीतर ती घसरते.

बेडूक पोकळ रबराचा, ५ ते ६ सेंटिमीटर, १० ते १५ ग्रॅम. पाकिटातून काढून तसाच वापरला तर दहातले सहा-सात फटके वाया जातील. दुहेरी गळाची टोकं रबराला इतकी चिकटलेली असतात की मासा बेडूक दाबूनही टोक लागत नाही. पक्कडीने दोन्ही टोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर आणि किंचित वर वाकवा. जास्त वाकवली तर प्रत्येक पानात अडकेल. टोकाची धार नखावर तपासा, घसरलं तर कानस मारा. दर काही फेकींनंतर बेडूक पिळून आतलं पाणी काढा. पाणी भरलेला बेडूक मागून बुडतो आणि पानांवरून न सरकता त्यांत शिरतो. जिवंत बेडकाच्या नादी लागूच नका. रबराने काम होतं, आणि शेताला बेडूक हवा असतो.

चाल अशी: केंदाळावरून बेडूक सावकाश सरकवा, मोकळ्या पाण्याचं भोक आलं की थांबवा. पाच-सात सेकंद. नवशिके नेमके इथे घाई करतात. मरळ खालून सावलीचा पाठलाग करत असते, आणि भोकात थांबलेला बेडूक तिला सर्वात सोपा.

आता फटका. पाणी फुटलं की हात आपोआप वर जातो, आणि बेडूक उडून आपल्याच तोंडावर येतो. आवाजावर झटका द्यायचा नाही. काठीचं टोक खाली, बेडकाच्या दिशेला करा, सैल दोरी गुंडाळा, वजन लागलं की मग दोन्ही हातांनी जोरात. मनात ‘एक, दोन’ मोजलं तरी पुरतं. फटका हुकला तर बेडूक लगेच ओढून घेऊ नका, तिथेच एकदा हलवा. मरळ पुष्कळदा परत येते. नाही आली तर पाच मिनिटांनी त्याच जागी दुसऱ्या रंगाचा बेडूक टाका. लागल्यावर ड्रॅग (रीलमधून दोरी किती सहज सुटेल ते ठरवणारा ब्रेक) जवळजवळ घट्ट हवा. पहिल्या तीन सेकंदांत डोकं केंदाळावर आणलं नाही तर ती मुळ्यांत गुंडाळून घेते. गुंडाळलीच तर ओढाताण न करता दोरी थोडी सैल सोडून थांबा, कधी कधी ती स्वतःच बाहेर निघते.

एक अपवाद मात्र पाळायलाच हवा. पाण्यावर लालसर-केशरी बारीक पिल्लांचा झुबका वर-खाली होताना दिसला, तर खाली नर-मादी राखण करत असतात. त्यांच्यावर बेडूक टाकला की फटका हमखास मिळतो, पण तो भुकेचा नसतो, पिल्लांजवळ आलेल्याला हाकलण्याचा असतो. म्हणून असा मासा पकडणं सोपं, आणि म्हणूनच त्यात कौशल्य काही नाही. पालक गेले की इतर मासे तो झुबका बघता बघता संपवतात. अशी जागा सोडून पुढे जा, मग पुढच्या हंगामात तिथे यायला कारण राहील.

शिंगाळ्याचं गणित वेगळं. त्याला हवेसाठी वर यावं लागत नाही, त्यामुळे दिसत नाही. तो मिशांनी चव आणि वास शोधत तळ चाचपतो. सूर्यास्तापासून रात्री दहापर्यंत, बंधाऱ्याखालचे डोह आणि नदीच्या वळणाची बाहेरची खोल बाजू. मुख्य दोरीत २० ते ४० ग्रॅमचं सरकतं शिसं, मग मणी, स्विव्हल (फिरती कडी), दीड फुटाचा लीडर आणि ३/० मापाचा सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गळ. आमिषाला गांडुळांचा गुच्छ किंवा कोंबडीचं आतडं. गळाचं टोक उघडं ठेवा, आमिषात लपलं तर सर्कल गळ फिरून जबड्याच्या कोपऱ्यात बसत नाही. काठीच्या टोकाला घुंगरू बांधा. वाजलं की झटका द्यायचा नाही, फक्त रील फिरवून दोरी ताणायची. दगडांत शिसं अडकत असेल तर ते ०.२० मिलिमीटरच्या बारीक दोरीने वेगळं लोंबतं बांधा. अडकलं तर तेवढंच तुटेल, मासा जाणार नाही.

गळ काढताना काळजी घ्या. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यामागच्या दोन्ही परांचा काटा करवतीसारखा असतो. परांच्या मागून बोटं घालून पकड घ्या. छोटी काळी शिंगी गळाला लागली तर हात लावूच नका, तिच्या काट्यात विष असतं. टोचलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना कमी होते. सूज वाढली तर दवाखाना.

मरळ दिसते म्हणजे पाणी चांगलं, असं समजू नका. सांडपाणी शिरलं की ऑक्सिजन घटतो, शिंगाळे आणि खवलेवाले मासे तरंगतात, आणि मरळ वरची हवा घेऊन तगून राहते. पंचगंगेच्या इचलकरंजीखालच्या पट्ट्यात उन्हाळ्यात मासे मेल्याच्या बातम्या येतात. तिथली जिवंत, टवटवीत मरळ कांदा-लसूण चटणीत घालण्याच्या लायकीची नाही.

तलाव किंवा धरण असेल तर आधी चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, त्यांची परवानगी लागते. पावसाळ्यात भोगावतीच्या पात्रात उतरू नका. वरच्या राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं. बंधाऱ्याच्या शेवाळलेल्या दगडांवर रात्री एकट्याने तर नकोच. आणि ब्रेडचे तुटलेले तुकडे काठावर टाकू नका. ती दोरी कुजत नाही, बगळ्यांच्या आणि म्हशींच्या पायात अडकते. खिशात गोळा करून घरी न्या.