ओतल्यापासून गोठेपर्यंतचा हिशेब : आमची वाटचाल

कोल्हापुरात 'फौंड्री आहे' म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. आमची फौंड्री नाही. आम्ही लोखंड वितळवत नाही, साचे मारत नाही, मशिनिंगही करत नाही. भट्टीतला रस साच्यात पडल्यापासून पूर्ण गोठेपर्यंत आत काय काय घडेल, याचा सेकंदागणिक हिशेब आम्ही संगणकावर मांडून देतो. नदीकाठचा पंप अचानक बंद पडला तर पाइपलाइनमधल्या पाण्याचं पुढच्या मिनिटभरात काय होईल, याचाही हिशेब करतो. लग्नकार्यात कुणी धंदा विचारला की माझी बायको "कॉम्प्युटरचं काम आहे" एवढ्यावर मिटवते, आणि ते बरंच आहे.

कल्पना पुण्यातल्या नोकरीत डोक्यात शिरली. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या अ‍ॅनालिसिस विभागात होतो. आमचे बहुतेक रिपोर्ट स्थिरावलेल्या अवस्थेचे असायचे. पूर्ण भार आला, तापमान आपल्या जागी येऊन थांबलं, आता ताण किती, एवढंच त्यात सांगितलेलं असे. पण परत येणाऱ्या भागांना तडे जायचे ते तापताना किंवा गार होताना. त्या वेळी एक बाजू गरम आणि दुसरी अजून थंड असते, एकीला प्रसरण पावायचं असतं आणि दुसरी तिला अडवते. सगळं सारखं तापलं की तो ताण बराचसा निघून जातो आणि रिपोर्टात सगळं हिरवंगार दिसतं. मधल्या वेळाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. २०१२ साली मी गावी परतलो. शिरोलीच्या एका फौंड्रीत लॅब सांभाळणारा माझा कॉलेजातला मित्र भागीदार झाला, आणि उद्यमनगरात एका लेथ शॉपच्या वरची खोली भाड्याने घेतली. खालचं मशीन चालू असलं की टेबलावरचा चहा थरथरायचा.

काम कुणी देईना. मोठ्या फौंड्र्यांकडे परदेशी सॉफ्टवेअर आणि ते चालवणारी माणसं होती. छोट्यांकडे मेस्त्री होता. रायझर, म्हणजे गोठताना कास्टिंगला जादा रस पुरवणारा साठा, कुठं आणि केवढा हे तो ठरवणार, आणि दहापैकी सात-आठ वेळा त्याचं बरोबर निघणार. एका जुन्या पॅटर्न मेस्त्रींनी पहिल्याच भेटीत विचारलं, "सायेब, वाळूत काय चाललंय ते तुमच्या डब्याला कसं कळतंय?" प्रश्न रास्त होता. त्याच सुमारास मुंबईच्या आयआयटीने 'ई-फौंड्री' नावाने छोट्या कारखान्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी कास्टिंग सिम्युलेशनचे, म्हणजे ओतकाम आधी संगणकावर करून बघण्याचे, धडे इंटरनेटवर खुले केले होते. ते पाहिलेला एखादा मालक भेटला की आमचं अर्धं बोलणं वाचायचं.

मेस्त्रींच्या हातात जो अंदाज बसलेला असतो, त्याचं सूत्र निकोलाय ख्वोरिनोव्ह या अभियंत्याने १९४० साली मांडलं. कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, आकारमानाला पृष्ठफळाने भागून येणारा आकडा, म्हणजे मॉड्युलस, घ्यायचा. गोठायला लागणारा वेळ त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १०० मिलिमीटरच्या चौकोनी ठोकळ्याचा मॉड्युलस १६.७ मिलिमीटर येतो, २० मिलिमीटर जाडीच्या मोठ्या पाट्याचा १०. म्हणजे ठोकळा पाट्याच्या पावणेतीन पट वेळ घेणार. रायझरचा मॉड्युलस कास्टिंगच्या १.२ पट ठेवला की तो शेवटी गोठतो आणि कास्टिंगला रस पुरवत राहतो. हे गणित पाकिटाच्या मागच्या बाजूला होतं आणि साध्या आकाराला चांगलं लागू पडतं. घोटाळा होतो तो कोपऱ्यात, रिब (आधाराची पातळ पट्टी) जिथे बॉसला (जाड फुगीर भागाला) मिळते तिथे, आणि दोन जाड भागांमधली वाट पातळ असते तिथे. ती वाट आधी बंद झाली की पलीकडचा जाड भाग एकटा पडतो. त्याला रस मिळत नाही आणि आत पोकळी राहते. बाहेरून काही दिसत नाही. मशिनिंगला टूल आत गेलं की ती उघडी पडते. तोवर लोखंड, वीज, मजुरी, मशीनचा वेळ सगळं त्या नगावर चढलेलं असतं. फौंड्रीवाल्याची खरी रड हीच.

आमचं पहिलं पैसे मिळालेलं काम असंच एका एसजी आयर्नच्या (गोल कणांच्या ग्रॅफाइटचं चिवट बीड) हबचं. मालक म्हणाले, रायझर दोनदा वाढवला, पोकळी जागा बदलते पण जात नाही. आम्ही संगणकावर बसण्याआधी साच्यात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, लावायची परवानगी मागितली. रसात क्वार्ट्‌झच्या नळीत जास्त तापमान झेलणारा आर टाइप, वाळूत नेहमीचा के टाइप. मेस्त्रींना वाटलं, पोरं वेळ घालवतायत.

वाळूतल्या थर्मोकपलचा आलेख बघण्यासारखा असतो. तापमान चढत चढत १०० अंशांवर येतं आणि तिथेच अडून बसतं. ग्रीन सॅण्डमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, तीन-चार टक्के पाणी असतं. त्याची वाफ होईपर्यंत वाळू पुढे तापत नाही. वाफ बाहेरच्या थंड थरात सरकते, तिथं पुन्हा पाणी होते, आणि हा ओला पट्टा साच्यातून बाहेरच्या बाजूला चालत जातो. पुस्तकातला कोरड्या वाळूचा उष्णतावहनाचा आकडा घेऊन केलेलं मॉडेल इथेच फसतं. रसाच्या बाजूलाही तसंच. ओतलं १४०० अंशांना, गोठायला सुरुवात साधारण ११५० ला. या अडीचशे अंशांत किलोमागे जेवढी उष्णता जाते, जवळपास तेवढीच नुसत्या गोठण्यात जाते, आणि तेव्हा तापमानाचा काटा जेमतेम हलतो. म्हणजे बिडाची गुप्त उष्णता ढोबळमानाने तीनशे अंश गार होण्याच्या बरोबरीची आहे. संगणकाने वेळेची पावलं मोठी टाकली तर तो ११६० वरून थेट ११३० वर उडी मारतो, गुप्त उष्णता मधेच गळून पडते आणि कास्टिंग कागदावर फार लवकर गोठतं. चित्र मात्र देखणंच येतं. म्हणून आम्ही तापमानाऐवजी उष्णतेचा साठा धरून हिशेब करतो आणि तापमान त्यातून काढतो.

त्या हबमध्ये निष्पन्न असं झालं की रायझर पुरेसा होता, पण त्याची मान, म्हणजे तो कास्टिंगला जिथे जोडतो ती अरुंद वाट, लवकर बंद होत होती. रायझर मोठा करून उपयोग नव्हता. मान जाड केली आणि समोरच्या बॉसला लोखंडी चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारा तुकडा, लावला, म्हणजे तो भाग आधी गोठेल. रायझर उलट लहान झाला आणि यील्ड (ओतलेल्या लोखंडातून हाती येणारा माल) वाढला. मेस्त्रींनी कापलेला नग हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "मानेचं माझ्या ध्यानात होतं." असेलही. पुढची तीन कामं त्यांनीच आणून दिली.

हिशेबाला वेळ किती लागतो, हे गिऱ्हाइकाला पटवणं सगळ्यात अवघड. कास्टिंगचे छोटे घन तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला किती उष्णता देतो ते पावलापावलाने मोजायचं. सरळ पद्धतीने पुढे जायचं तर पाऊल किती मोठं टाकावं याला मर्यादा आहे. बिडात ५ मिलिमीटरच्या तुकड्याला साधारण पाऊण सेकंद, १ मिलिमीटरच्या तुकड्याला त्याच्या पंचविसावा भाग. मर्यादा ओलांडली की आकडे वर-खाली नाचत फुगत जातात आणि थंड साचा तीन हजार अंशांवर पोचतो. तुकड्याची बाजू निम्मी केली तर तुकडे आठपट होतात, पावलं चौपट, एकूण काम बत्तीस पट. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा बारीक करून बघा की." त्या 'जरा'साठी मशीन रात्रभर चालतं. क्रॅंक आणि निकल्सन यांनी १९४७ साली दिलेल्या पद्धतीसारख्या उपायांनी मोठं पाऊल टाकता येतं, हिशेब फुटत नाही. पण फुटत नाही म्हणजे बरोबर आहे असं नव्हे. सुरुवातीच्या काही सेकंदांत रस आणि वाळू यांच्यात हजारावर अंशांचा फरक असतो, तिथे आम्ही अजूनही बारीकच पावलं टाकतो.

रंगीत चित्रांबद्दल माझं मत गिऱ्हाइकांना फारसं आवडत नाही. लाल-निळं चित्र बघून माना डोलावतात, त्याखाली कोणते आकडे घातले ते विचारत नाहीत. आकुंचनाची पोकळी कुठं राहील याचा अंदाज देणाऱ्या नियामा निकषाचं तसंच झालंय. १९८२ साली जपानमध्ये पोलादी कास्टिंगसाठी तो मांडला गेला. तापमानाचा उतार भागिले गार होण्याच्या वेगाचं वर्गमूळ. पोलादाला तो छान चालतो. एसजी आयर्नमध्ये गोठताना ग्रॅफाइट फुगतं आणि आकुंचन बरंचसं स्वतःच भरून काढतं, साचा घट्ट असेल तरच. साचा सैल असला तर भिंत मागे सरकते आणि ते फुगणं वाया जातं. तिथं नियामाचा नकाशा काढून देणं म्हणजे कागद रंगवणं. तरी टेंडरमध्ये तो मागतात. आम्ही काढून देतो, आणि त्याखाली त्यावर विसंबू नका असंही लिहितो.

दुसऱ्या प्रकारचं काम, पाण्याचं, आपण होऊन आलं. आमच्या भागात नदीकाठच्या सहकारी पाणीपुरवठा संस्था पुष्कळ. जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपशाच्या विहिरीतून) पाणी उचलून दोन-तीन किलोमीटर लांब आणि बऱ्याच उंचीवरच्या शेतांना द्यायचं. वीज अचानक जाते, पंप थांबतो, आणि पाइप फुटतो. संस्थेचे चेअरमन पाइपवाल्याला दोष देणार, पाइपवाला वेल्डरला. यात खरी गोष्ट निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या नळयोजनेवर प्रयोग करून दाखवून ठेवली आहे. पाण्याचा वेग एकदम बदलला की दाबाची लाट निघते. पोलादी पाइपात ती सेकंदाला हजार मीटर किंवा थोडी जास्त धावते. सेकंदाला दीड मीटरने चाललेलं पाणी झटक्यात थांबलं तर दीडशे मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब वाढतो, आणि तो पंपाच्या नेहमीच्या दाबाच्या वर. तीन किलोमीटरच्या लाइनीत ती लाट टोकाला जाऊन परत यायला सहा सेकंद. त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर तो हळू बंद केला असं म्हणता येत नाही, मग ऑपरेटर काही म्हणो.

पंप थांबल्यावर आधी दाब वाढत नाही, पडतो. लाइन टेकाडावरून जात असेल तर तिथं पाणी तुटतं, पोकळी होते, आणि परतणारं पाणी येऊन आदळतं तेव्हा पाइप जातो. हा हिशेब वेगळ्या पद्धतीने होतो, पण पावलाची अट सारखीच कडक. लाइनचे दहा-दहा मीटरचे तुकडे केले तर पाऊल सेकंदाच्या शंभराव्या भागाचं. आमच्या शिफारशी साध्या असतात. टेकाडावर योग्य मापाचा एअर व्हॉल्व्ह, पंपाजवळ पाणी उलटं फिरायच्या आत बंद होणारा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), कुठं कुठं हवेची टाकी. यात वेळ जातो तो गणितात नाही, लाइनीचा खरा चढ-उतार मिळवण्यात. नकाशात सरळ दिसणारी लाइन शेतातून चालत गेल्यावर तीन ठिकाणी वर उठलेली सापडते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला, फौंड्र्या थांबल्या, आमचंही काम थांबलं. पाणी ओसरल्यावर मात्र संस्थांचे फोन सुरू झाले. रिकाम्या लाइनीत पंप पूर्ण जोरात सुरू करायचा, हवा अडकायची, आणि पूर झेललेली लाइन पुरानंतर फुटायची. रिकामी लाइन भरताना पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपास ठेवा, एवढी एक ओळ आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत राहिलो. त्याचं बिल केलं नाही. टाळेबंदीच्या काळाबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही, सगळ्यांचं झालं ते आमचं झालं.

आज आम्ही पाच जण आहोत, जागा उद्यमनगरातलीच, पण तळमजल्यावर. महागडं परवाना शुल्क भरून घेतलेलं एक सॉफ्टवेअर आहे, ओपनफोम हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, आणि स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम. पाण्याची कामं सगळी स्वतःच्या प्रोग्रॅमवर. नवीन मुलगा आला की त्याला पहिले काही आठवडे माऊसला हात लावू देत नाही. फौंड्रीत उभं राहून सीई कपाचे, म्हणजे छोट्या कपात ओतलेला रस गोठतानाच्या तापमानाचे, आलेख वाचायचे. ११५० च्या आसपासची सपाट रेघ डोळ्यांनी ओळखता आल्याशिवाय संगणकातली रेघ त्याला खरी-खोटी वाटणार नाही. दोन मुली याच वाटेने आल्या आणि त्यातली एक आता पाण्याचं सगळं काम बघते. साइटवर तिला आधी "सर कधी येणार?" असं विचारतात.

पैशाचं रडगाणं थोडक्यात. छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. छोट्या फौंड्र्या वेळेवर देतात. उशीर करतात ते मोठे, आणि त्यांच्याच बैठकीत चहाबरोबर काजू असतात.

सध्या साच्याची भिंत मागे सरकण्याच्या प्रश्नावर अडकलोय. दोन फौंड्र्यांनी मोल्ड हार्डनेस (साच्याचा घट्टपणा) आणि वाळूतला ओलावा रोज टिपून द्यायचं कबूल केलंय, पाळीगणिक. उन्हाळ्यातले आकडे आले, मॉडेल बऱ्यापैकी जुळतं. पावसाळ्यात वाळू निराळी वागते, ते आकडे यायचे आहेत. एका फौंड्रीची वही नियमित येते. दुसरीकडच्या रात्रपाळीत सगळ्या साच्यांचा हार्डनेस एकसारखा ८५ लिहिलेला असतो, त्यासाठी भागीदार या आठवड्यात रात्री तिकडं जाऊन बसणार आहे.