दहा दिवसांचं बिल आणि पायथॉनचा अल्फा

आमची फर्म कोल्हापुरातली, 2014 ला दोघांनी सुरू केली, काम एकच, दूध संस्थांना बिलाचं सॉफ्टवेअर. इथं उत्पादकाला दर 10 दिवसांनी पैसे मिळतात, त्यामुळं सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दरपत्रक, पशुखाद्य नि अ‍ॅडव्हान्सची कपात, हे सगळं प्रत्येक सभासदाचं दर 10 दिवसांनी काढायचं. आधी पाच-सहा संस्था होत्या तेव्हा काही वाटलं नाही, पण संस्था वाढल्या, सगळ्यांचा डेटा एकाच सर्व्हरवर आला आणि 10 नि 20 तारखेला रात्री सगळे सचिव एकदमच बिल काढायला बसायचे. मग फोन सुरू, "बिल निघालं का ओ?"

मोठा सर्व्हर घ्यायचा तर दर महिन्याचा खर्च, तो संस्थांच्या माथी मारायचा नव्हता. आमचा सगळा कोड पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला. तेव्हाच वाचलं की पायथॉनचे जनक गुईडो व्हॅन रॉसम मायक्रोसॉफ्टमध्ये गेलेत आणि तिथली टीम मार्क शॅननसोबत पायथॉनचा स्पीड वाढवायचं काम करतेय. ऑक्टोबर 2021 ला पायथॉनच्या 3.11 व्हर्जनचा पहिला अल्फा आला तो लगेच उतरवला. अल्फा म्हणजे अजून बांधकाम चालू असलेलं घर, त्यापुढचा टप्पा बीटा, तो येईपर्यंत नवीन गोष्टी आत येत राहतात, त्यामुळं गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर तो टाकायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं.

आणि पहिलंच माप उलटं आलं. नवीन व्हर्जन 3.10 पेक्षा चक्क हळू! आठवडाभर आम्ही आमच्याच कोडमध्ये दोष शोधत बसलो. शेवटी कॉलेज संपवून नुकतीच आलेली आमची एक मुलगी म्हणाली, "दादा, 3.10 तयार घेतलाय आणि हा आपण सोर्सवरनं, म्हणजे मूळ कोडवरनं, स्वतः बिल्ड केलाय, ऑप्टिमायझेशन चालू केलंय का?" नव्हतं केलं. तो पर्याय दिला की पायथॉन एकदा बिल्ड होतो, नमुन्याची कामं चालवून बघतो आणि त्या अनुभवावरनं परत बिल्ड होतो, वेळ बराच जातो पण फरक मोठा पडतो. दोन्ही व्हर्जन एकाच पद्धतीनं बिल्ड केल्यावर आकडे सरळ झाले. त्या दिवशी तिनं एक वही घातली, तारीख, व्हर्जन, मशीन, बिल्ड कसा केला, चार्जर लावला होता की नाही. हो, चार्जर सुद्धा, बॅटरीवर लॅपटॉप स्पीड कमी करतो. एकदाच चालवून आकडा लिहायचा नाही, पायपर्फ या वेळ मोजायच्या टूलनं परत परत चालवायचं आणि सरासरीसोबत चढउतार पण लिहायचा.

ऑक्टोबर 2022 ला 3.11 फायनल आला, पायथॉनवाल्यांच्या बेंचमार्कवर, म्हणजे स्पीडच्या ठरलेल्या चाचण्यांवर, सरासरी 1.25 पट फास्ट. आत युक्ती अशी की एखाद्या ओळीत सारखी पूर्णांकांचीच बेरीज होतेय असं दिसलं की इंटरप्रिटर, म्हणजे पायथॉनचा कोड चालवणारा प्रोग्राम, तिथं पूर्णांकांसाठीची खास सूचना बसवतो. पण आमच्या बिलाला तेवढा फायदा दिसेना. कारण शोधलं तर पैशांचा हिशोब आम्ही डेसिमल या अचूक दशांशाच्या मॉड्यूलमध्ये करत होतो, ते पायथॉन 3.3 पासून सी भाषेतच आहे, म्हणजे इंटरप्रिटर सुधारला तरी तिथं फार काही हलणार नाही, आणि उरलेला बराच वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात जात होता. प्रत्येक सभासदासाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी, म्हणजे विचारणा, जात होती! ती एकत्र केली, रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात धरली, आणि 20 तारखेच्या रात्री फोन शांत. मला वाटतं अल्फा मोजायला बसलो नसतो तर ही क्वेरी आमच्या नजरेला कधी आलीच नसती.

2025 मध्ये 3.14 च्या अल्फाला नवीन इंटरप्रिटर आला, सुरुवातीला 9 ते 15 टक्के फायदा सांगितला गेला. मग कळलं की ज्यानं पायथॉन बिल्ड केला त्या क्लँग 19 कंपायलरमधल्या दोषामुळं जुना इंटरप्रिटरच हळू पडला होता, खरा फायदा 3 ते 5 टक्के. ज्यानं ते काम केलं त्या डेव्हलपरनं उघड माफी मागितली, मला त्याच्याबद्दल फार आदर वाटला, आकडा कमी झाला म्हणून काम लहान होत नाही. आमच्या वहीत तेव्हापासून व्हर्जनच्या शेजारी कंपायलरचा पण रकाना आहे.