हा तोच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पहिल्यांदा भाच्याने विचारलं, मग त्याच्या मित्रांनी, आणि परवा तर भिशीतल्या मैत्रिणीच्या मुलाने त्यासाठी फोन केला. "मावशी, हीरोजच्या दुसऱ्या भागातला सँड्रो आणि तिसऱ्यातला सँड्रो एकच का गं? आणि मग पाचव्यात कुठे गेला?" खेळ म्हणजे 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक'. किल्ले घ्यायचे, सोनं-लाकूड जमवायचं, पऱ्या-राक्षसांचं सैन्य उभं करायचं आणि आळीपाळीने टर्न खेळायची. सैन्य ज्याच्या हाताखाली चालतं तो हिरो. कुठला हिरो कुठल्या भागात येतो हे मला माहीत असतं असा घरात समज आहे. तो बराचसा खरा आहे, कारण माझ्याकडे वही आहे.

वहीचं कारण एक सीडी. पंचवटीतल्या आमच्या घरात दादाचा कॉम्प्युटर आला आणि त्याने मेन रोडवरच्या एका दुकानातून तिसरा भाग आणला. कॉपी होती, तीही छाटलेली. जागा वाचावी म्हणून व्हिडिओ काढून टाकलेले. त्यामुळे गोष्ट आम्हाला कळायचीच नाही. मे महिन्यात दोन मावसभाऊ यायचे, एकाच खुर्चीवर पाळीपाळीने चौघं खेळायचो. एकाची टर्न चालू असताना बाकीच्यांनी स्वयंपाकघरात जायचं, म्हणजे चोरून नकाशा बघायला नको. आई म्हणायची, आलटून पालटून तिघं माझ्या ओट्याशी उभे, याला खेळ म्हणतात होय? त्या रिकाम्या वेळात मी फुलस्केप वहीत हिरोंची नावं उतरवत बसायचे. आठ किल्ले, प्रत्येकाचे सोळा, म्हणजे १२८ नावं. पुढे दादाने कुठून तरी पहिले दोन भागही मिळवले, आणि वहीतली नावं तिथे आधीच हजर!

पहिल्या भागात, १९९५ मध्ये, नऊ-नऊच्या चार वर्गांत ३६ हिरो आहेत. रानटींमध्ये क्रॅग हॅक, जादूगारिणींमध्ये जेम, वॉरलॉकमध्ये अलामार. हे तिघंही दुसऱ्यात आहेत, तिसऱ्यातही. सँड्रो मात्र पहिल्यात नाही. तो १९९६ च्या दुसऱ्या भागात येतो, कारण मढी उठवणाऱ्या नेक्रोमॅन्सरांचा किल्लाच तेव्हा आला.

पण क्रॅग हॅक त्याहूनही जुना. हीरोजच्या आधी 'माइट अँड मॅजिक' ही थोरली मालिका होती, १९८६ पासून. तिथे सैन्य नाही, पाच-सहा जणांची टोळी घेऊन गुहा-भुयारं धुंडाळायची. ज्याला स्वतःची टोळी बनवायचा कंटाळा त्याला तयार टोळी मिळायची. १९९१ च्या तिसऱ्या भागातल्या तयार टोळीत क्रॅग हॅक आहे, मॅक्सिमस आहे, कॅस्टोर आहे, आणि एक 'सर केनेघम'ही आहे. खेळ रचणाऱ्याचं नाव जॉन व्हॅन केनेघम, म्हणजे गृहस्थ स्वतःच जाऊन बसले. (माझ्या हाती खेळ असता तर मीही बसले असते.) पुढे हीरोज काढताना भराभर ३६ नावं लागली, तेव्हा यातलीच काही कामाला लावली. अलामार तर १९८६ च्या खेळात राजा होता, इथे नऊ वॉरलॉकांतला एक. म्हणून सुरुवातीच्या नावांत नातं शोधू नका. घरातली भांडी आहेत ती, पाहुणे आले की काढली.

खरी माणसं दुसऱ्या भागापासून दिसतात. रोलंड आणि आर्चिबाल्ड आयर्नफिस्ट, दोन भाऊ, बापाच्या गादीसाठी भांडणारे. बाप मॉर्ग्लिन, म्हणजे पहिल्या भागातला सरदार. आता यात एक गंमत आहे, म्हटलं तर अन्यायही. पहिल्या भागात चार सरदारांपैकी कोणीही घेऊन जिंकता येतं. दादा अलामार घेऊन जिंकला होता. दुसरा भाग सरळ सांगतो, मॉर्ग्लिन जिंकला. दुसऱ्यात तुम्ही आर्चिबाल्डच्या बाजूने लढू शकता, मध्येच फितूर होऊन बाजूही बदलू शकता. पुढचे खेळ म्हणतात, रोलंड जिंकला, आर्चिबाल्डचा दगड झाला. १९९८ च्या 'माइट अँड मॅजिक सहा'मध्ये तो दगडाचाच पुतळा सापडतो आणि त्याला सोडवावं लागतं. सातव्यात तो डेजा नावाच्या देशातल्या नेक्रोमॅन्सरांचा मुख्य. आर्चिबाल्डचा माग हवा तर हीरोज सोडून त्या थोरल्या मालिकेत जावं लागतं, हे पोरांना पटत नाही.

१९९९ चा तिसरा भाग रोलंडच्या बायकोचा, कॅथरीनचा. बापाच्या अंत्यविधीला माहेरी येते, तर देश शत्रूंनी वेढलेला आणि बापाचं मढं नेक्रोमॅन्सरांनी उठवलेलं. रोलंड त्या वेळी सैतानांच्या कैदेत आहे. मला हा भाग सगळ्यात आवडतो, आणि नेमकं आम्ही तेव्हा मजकूर न वाचता माउस दाबत पुढे जायचो.

जेम आणि क्रॅग हॅकला माणूसपण मिळालं ते २००० च्या पुरवणी भागात, 'शॅडो ऑफ डेथ'मध्ये. दुसऱ्या भागातल्या भाऊबंदकीला वैतागून जेम त्या भागातली भूमी एनरोथ सोडते आणि अ‍ॅवलीच्या रानात नव्याने सुरुवात करते. म्हणजे ती तीच. तिसऱ्यात तिचा वर्ग ड्रुइड आणि खासियत जखमींची शुश्रूषा, यालाही अर्थ आहे. वेष बदललेला सँड्रो तिला आणि क्रॅग हॅकला गंडवतो, दोघांकडून शापित चिलखत-झग्याचे तुकडे गोळा करवतो, आणि शेवटी जेम, क्रॅग हॅक, गेलू आणि योग असे चौघं एकत्र येऊन त्याला गाठतात. सँड्रोही तोच धरा. तिसऱ्यात त्याची ओळख एथ्रिकचा शिष्य अशी दिली आहे, आणि एथ्रिकचं थडगं एनरोथमध्येच आहे.

चौथा भाग २००२ चा. सीडी पुन्हा छाटलेली. मी वही घेऊन बसले आणि ओळखीचं जवळपास कोणी दिसेना. कॅथरीन नाही, तिचं माहेर एराथिया नाही, नकाशावर एक गाव ओळखीचं नाही. आम्हाला वाटलं दुकानदाराने दुसराच खेळ दिला. दादा जाऊन भांडूनही आला. वर्षभराने कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत पूर्ण खेळ पाहिला तेव्हा कळलं: सुरुवातीच्या व्हिडिओत गेलू आणि रानटी राजा किल्गोर यांच्या दोन तलवारी एकमेकींवर आदळतात आणि सगळं जगच फुटतं. जे जादूच्या दारांतून पळाले ते अ‍ॅक्सिओथ नावाच्या दुसऱ्या जगात पोचले, खेळ तिथला. त्यातून वाचलेला सोल्मीर मात्र ठळक दिसतो. तिसऱ्यातला निळा जिनी, विजेची साखळी सोडणारा. तो अमर जादूगार राजा गॅव्हिन मॅग्नसचा चाकर होता, इथे मॅग्नसविरुद्ध काचकाम करणाऱ्या एमिलियाच्या बाजूने उभा राहतो.

टार्नमही वाचला. 'हीरोज क्रॉनिकल्स' या छोट्या खेळांचा हा नायक, एके काळचा जुलमी रानटी राजा. पापं फिटेपर्यंत मरण नाही असा त्याला दंड आहे. कधी रानटी, कधी शूर सरदार, कधी रानातला रेंजर. चौथ्यात तो वेअरजॅक नावाच्या रानटी हिरोचा मानलेला बाप आहे.

टार्नम समजावताना मी पोरांना बोहाडा सांगते. माझं आजोळ पेठ तालुक्यातलं. बोहाड्याच्या रात्री संबळ-सनईवर मुखवट्यांची सोंगं नाचतात, आणि एकेक सोंग एकेका घराण्याकडे असतं. आजी कानात सांगायची, "यंदा रावण धाकट्याकडे, थोरल्याचे गुडघे गेले." मुखवटा तोच, रंग दरवर्षी नवा, आतला माणूस बदललेला. टार्नमचं उलटं, माणूस एक आणि सोंगं अनेक.

पाचव्यात काय झालं हा तुमचा प्रश्न राहिलाच. प्रकाशक कंपनी थ्रीडीओ २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, युबिसॉफ्टने नाव सुमारे १३ लाख डॉलरला घेतलं आणि २००६ चा पाचवा भाग अशान नावाच्या कोऱ्या जगात काढला. तिथे आयर्नफिस्ट घराणं नाही. निकोलाय नावाचा राजा आहे, पण सहाव्या माइट अँड मॅजिकमधला रोलंडचा लहान मुलगा निकोलाय तो हा नव्हे. यावर पैज लावू नका, मी एकदा मिसळ हरले आहे. पुढे लोकांना जुनी नावं हवीशी झाली असावीत, कारण २०१२ मध्ये सहाव्या भागाच्या दोन छोट्या मोहिमा निघाल्या. एकीत क्रॅग हॅक, दुसरीत सँड्रो, दोघंही अशानमध्ये.

या दोघांपुढे मी वहीत 'सोंग' असं लिहिलं होतं. गेल्या दिवाळीत भाच्याने ते पेन्सिलने खोडलं आणि 'तोच' लिहिलं. म्हणाला, "चिडका आहे, तोडफोड करतो, अजून काय पाहिजे मावशी?" मी पेनने परत 'सोंग' लिहिलं. सँड्रोपुढचं त्याने अजून खोडलेलं नाही. म्हणतो, आधी ती मोहीम खेळून बघतो.