दिसलं, दिसलं!

दुर्बीण डोळ्यांना लावली की मला सगळ्यात आधी माझ्याच पापण्या दिसतात. मग काळोख. मग काळोखाच्या कडेला उजेडाची एक फाक येते, हलते, सटकते. मान जरा इकडे, कोपर जरा तिकडे, चष्मा वर, चष्मा खाली, असं करता करता एकदाचं पाणी दिसायला लागतं. नुसतं पाणी. ज्या बदकासाठी जानेवारीतल्या रविवारी पहाटे पाचला उठून, दोन स्वेटर चढवून घराबाहेर पडलो, ते सोडून बाकी सगळं त्या पाण्यात असतं.

"देखायुं, बेन?" गाइड विचारतो.

"हां हां, देखायुं!" मी.

आणि दुर्बीण पुढच्या माणसाकडे. तोही माझ्याइतकाच वेळ बघतो आणि माझ्याइतक्याच उत्साहाने "वाह!" म्हणतो. मला त्याचा दाट संशय येतो, पण मी कुठल्या तोंडाने बोलणार?

वढवाण्याच्या तळ्याची सहल होती. बडोद्याहून डभोईवरून पन्नासेक किलोमीटर. बस, चहा-नाश्ता, जेवण, गाइड आणि दुर्बिणी, सगळं त्याच पैशांत. एकटी गेले असते तर तळ्याच्या बांधावर बसून थेपले खाल्ले असते आणि "केवढे हे पक्षी!" एवढं म्हणून परत आले असते. (घरात मराठी बोलत असलो तरी आमच्या डब्यातून थेपले आणि छुंदाच निघतो. इतक्या पिढ्या बडोद्यात काढल्यावर दशम्या कोण करतंय?) पण या खेपेला बरोबर आत्या होती. वय अठ्ठ्याहत्तर, साडीवर पुरुषी मफलर, आणि मत असं की पैसे भरलेत ना, मग तो माणूस काय सांगतो ते नीट ऐकून घ्यायचं.

माणूस तिथल्याच गावचा होता. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तिपाईसकट टेलिस्कोप. बसमध्येच त्याने शिकवणी घेतली. दुर्बिणीवर ८ बाय ४२ लिहिलंय म्हणजे आठपट मोठं दिसणार, आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. चष्मेवाल्यांनी रबरी कडा खाली करायच्या. पक्षी दिसला की नजर तिथून काढायची नाही, नजर तशीच ठेवून दुर्बीण वर आणायची. सगळं पटलं. फक्त नजर आधी पक्ष्यावर असावी लागते, आणि आमचं घोडं तिथेच पेंड खातं.

कारण पक्ष्याचा पत्ता जो मिळतो तो असा: "त्या तिसऱ्या बाभळीच्या डाव्या अंगाला पाण्यात काठी रोवलीय ना, तिथून चार वारकरी सोडा, पाचवं ते." वारकरी आपल्याला माहीत असतो. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यात माना हलवत घोळक्याने फिरणारा. पण आपण तिसरी बाभूळ शोधून, काठी गाठून, तीन वारकरी मोजतो तोवर चौथ्याने बुडी मारलेली असते, आणि पाचवं जे काही होतं ते उजवीकडे गेलेलं असतं. त्यातून इथे विचारलेलं होतं ते तांबूस बदक, ज्याच्या नराचा डोळा पांढरा असतो. शेकडो बदकं, अंतर चांगलं दीड-दोनशे मीटर, वर ऊन पाण्यावर चमकतंय, आणि ओळखायचं कशावरून, तर डोळ्याच्या रंगावरून! आमच्या सोसायटीतल्या लोकांच्या डोळ्यांचा रंग मला सांगता येणार नाही.

ज्यांना दुर्बीण लागत नाही ते मात्र सगळ्यांना दिसले, त्यात लबाडी नाही. पट्टकादंब नावाचे रानहंस पलीकडच्या गव्हाच्या शेतातून उठले आणि ओरडत आमच्या डोक्यावरून तळ्यात उतरले. पांढरं डोकं, मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, नारिंगी पाय पोटाखाली घट्ट घेतलेले. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात हे. सात हजार मीटरवरून उडताना त्यांची नोंद झालेली आहे. तिथे माणसाला जिना चढवणार नाही, हे पंख मारतात. उतरताना मात्र अगदी घरगुती उतरले, पाय पुढे टाकून, पाणी उडवत, एकमेकांवर खेकसत. त्या वेळी कुणी कुणाला "दिसलं का?" विचारलं नाही.

आत्याची पाळी आली. टेलिस्कोपला डोळा लावून ती वाकली, बराच वेळ तशीच राहिली, मग सरळ होऊन म्हणाली, "नाही दिसलं."

गाइडने नळी जरा सरकवली. "बा, हवे जुओ."

"नथी देखातुं, दीकरा."

मागे रांग वाढली. मला लाजल्यासारखं झालं. मी कानाशी लागून म्हटलं, "आत्या, हो म्हण ना, लोक थांबलेत." ती म्हणाली, "थांबू देत. मी नाही त्यांच्यासाठी थांबले मघाशी?"

गाइड खरा गुणी. त्याने तिपाईचे पाय तिच्या उंचीला आणले, मागच्यांना तळ्याच्या बांधाची गोष्ट सांगायला घेतली आणि गोष्ट सांगता सांगता नळीही हलवत राहिला. तळं सयाजीराव महाराजांच्या राज्यातलं, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं. छप्पनियाच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळाला दहा वर्षं होत आली होती. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्याने इथे आणलं, १९१० साली तळं झालं. बांधलं गव्हा-भातासाठी, पण बातमी पार मध्य आशियात गेली, आणि २०२१ मध्ये तळं रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही चढलं. दर जानेवारीत इथे पाणपक्ष्यांची मोजदाद होते. एवढे हजारो मोजता कसे, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, आधी खरोखर शंभर मोजायचे, ते शंभर पाण्यात केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात धरायचं, मग तसे तुकडे किती होतात ते बघायचं. म्हणजे पहिले शंभर तरी प्रामाणिक.

१९१० म्हटल्यावर माझं लक्ष तळ्यातून उडालं. त्याच साली हॅलेचा धूमकेतू आला होता, आणि तो पुन्हा आला १९८६ साली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दांडिया बाजारातलं आमचं घर, तिसऱ्या मजल्यावर गच्ची, गच्चीवर पाण्याची सिमेंटची टाकी. मार्चातली पहाट. काकाने ऑफिसातल्या कुणाची तरी दुर्बीण मागून आणली होती, तिचा एक डोळा धुरकट होता. कॅलेंडरच्या पाठीवर त्याने पेन्सिलीने आकाश काढलं होतं आणि आग्नेयेला तोंड करून सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं होतं. आम्ही पोरं चादरी पांघरून, पुढे. आजीला खुर्ची. आत्या माहेरपणाला आलेली, ती दाराच्या उंबऱ्यावर बसून जांभया देत होती.

वर्षभर वर्तमानपत्रांतून ऐकलेल्या धूमकेतूला केवढी तरी शेपटी होती. त्या पहाटे आकाशात फार तर पुसून राहिलेल्या खडूचा डाग असावा, तोही काका म्हणत होता म्हणून.

"दिसला?"

माझा चुलतभाऊ म्हणाला, दिसला, शेपटीपण दिसली. मग मलाही दिसला. शेपटीही दिसली, त्याच्यापेक्षा लांब. काकू म्हणाली, दिसला बाई, गोड दिसतोय. बाबांनी दुर्बीण हातात घेतली, चष्मा काढून एकदा पुसला, बघितलं आणि हळूच म्हणाले, "हो." आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिने दुर्बीण घेतलीच नाही. पदर सावरून, हात जोडून, काकाने बोट दाखवलं त्या दिशेला नमस्कार केला, आणि "दिसला हो, दिसला. चला आता खाली," म्हणाली. जिना उतरताना मी तिला धरलं होतं. तिने मला सांगितलं, "नाही म्हटलं की परत परत दाखवत बसतात. तेवढ्यात चहा होतो."

आत्या एकटी म्हणाली होती, मला काही दिसला नाही. काकाने तिला कॅलेंडर दाखवलं, दुर्बीण पुसून दिली, हात धरून फिरवलं. नाही म्हणजे नाही. शेवटी उजाडलं आणि विषय मिटला. काका त्या दिवशी तिच्याशी जेवेपर्यंत बोलला नाही. आता धूमकेतू येणार २०६१ मध्ये. तेव्हा मी असले तर चौऱ्याऐंशीची असेन, मोतीबिंदूसकट, आणि मला दिसेल यात शंका नाही.

देवळातही आपलं असंच चालतं. डाकोरला मंगळा आरतीचा पडदा सरतो, गर्दी उसळते, आणि आपल्यासमोर एका गृहस्थाचा वर धरलेला मोबाइल असतो. थोडं काहीतरी चकाकतं, ते रणछोडरायांचा मुकुट असेल किंवा समई. बाहेर येऊन चपला शोधताना घरचे विचारतात, दर्शन झालं ना? "फार छान झालं!" त्यात खोटं काय आहे? मोबाइलमध्ये झालंच की. लग्नातले अल्बम, कुणाच्या बाळाचं नाक कुणावर गेलंय, भाच्याने नेटवर दाखवलेल्या फ्लॅटमधून कोपऱ्यातली नदी, सगळ्याला आपण हो म्हणत आलोय. उत्तरायणात तर विचारूच नका. गच्चीवरून शंभर पतंगांत "तो बघ आपला" म्हणून पोरगं बोट दाखवतं, आपण हो म्हणतो, आणि तो कापला गेला की हळहळतोसुद्धा.

तर आत्या. ती अजून वाकलेलीच होती. एकदम म्हणाली, "डोळा-बिळा काही दिसत नाहीये मला. पण ते एक चॉकलेटी आहे ना, शेपटीखाली पांढरंफेक. चड्डी घातल्यासारखं. तेच का?"

गाइडने तिपाई सोडून टाळी वाजवली. "बा, ए ज!" डोळा एवढ्या लांबून नशिबानेच दिसतो, म्हणाला, शेपटीखालचा पांढरा रंग हीच लांबून धरायची खूण. मग हे आधी का नाही सांगितलंस बाबा? पण ते विचारायची सोय मला राहिली नव्हती. माझं तर मघाशीच पाहून झालं होतं, डोळ्यासकट. आता पुन्हा रांगेत कुठल्या तोंडाने उभी राहू? आत्या मात्र आणखी दोनदा बघून आली. दुसऱ्यांदा तर गाइडलाच बाजूला सारून तिने स्वतःच नळी फिरवली आणि पलीकडच्या काठावर म्हैस शोधून काढली. म्हशीच्या पाठीवर बगळा होता. तोही तिने सगळ्यांना बोलावून दाखवला, आणि तो खरंच सगळ्यांना दिसला.

जेवण गावात एका अंगणात होतं. बाजरीचे रोटले, रिंगणाचा ओळो, लसणाची चटणी, गूळ, ताक. ओळ्यात वांग्यापेक्षा हिरवी लसूण जास्त, आणि रोटल्यावर लोण्याचा गोळा असा की खाली दिसणारच नाही काही. हात चाटून झाल्यावर गाइडने यादी काढली. एकेक नाव वाचायचं, दिसलं असेल त्यांनी हात वर करायचा. थापट्या, हात. चक्रवाक, हात. शेकाट्या, हात. जांभळी पाणकोंबडी, हात. तांबूस बदकाला बसभर हात वर गेले, माझाही. त्या "वाह"वाल्याचा माझ्याआधी. पेलिकनला आत्याने हात खाली ठेवला. "लांब काहीतरी पांढरं होतं," ती म्हणाली, "पिशवीही असेल." गाइड हसला, पण त्याच्या वहीत पेलिकन चढला. आत्याने तेवढ्यात दुसरा रोटला मागून घेतला.

परतताना बसमध्ये ती झोपली. डभोईच्या चहाला उठली नाही. मी खिडकीशी बसून उगाच चिडत होते, बहुतेक तिच्यावर.

बाबांच्या छातीचा स्कॅन झाला होता त्या दिवशी आत्या बरोबर नव्हती. मी आणि बाबाच होतो. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर अडकवली. चौकटीच चौकटी, सगळ्या एकसारख्या, करड्या. पेनच्या टोकाने त्यांनी एका चौकटीत छोटं वर्तुळ फिरवलं आणि म्हणाले, "हा इथे डाग. दिसतोय ना?"

मी म्हटलं, हो.

डॉक्टर पुढचं सांगायला लागले. बाहेर बाकावर बसून बाबांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि विचारलं, "तुला दिसला का गं?"

"हो, बाबा."

"मग बरं," ते म्हणाले.