बाबांचा सीटी आणि काळी स्क्रीन
म्हापशाहून बाबांच्या छातीच्या सीटीची सीडी आणली, बाहेर धो धो पाऊस, लाईट दोनदा गेली, तरी मी पायडायकॉम (स्कॅनच्या डायकॉम फाइल वाचणारी पायथनची लायब्ररी) घेऊन बसलो. पिक्सेल अ‍ॅरे (चित्रातल्या ठिपक्यांचे आकडे) काढला, थेट 16 बिटांचा पीएनजी केला, तर सगळं काळंकुट्ट! आई म्हणते, "हे काय रे, तव्याचं बूड?" आता आकडे साधारण 4095 पर्यंतच आणि जागा 65535 पर्यंत, अंधारच पडणार ना. मग ते आकडे फाइलमधल्या स्लोपने गुणून त्यात इंटरसेप्ट मिळवला की हाउन्सफील्ड युनिट (सीटीतलं घनतेचं माप) मिळतात, पाणी 0, हवा -1000. फुफ्फुसाची विंडो लावली, म्हणजे तेवढाच आकड्यांचा पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणला, सेंटर -600, विड्थ 1500, आणि बरगड्यांच्या आत झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या उमटल्या. हां, पीएनजीत हेडर (फाइलमधली पेशंटची माहिती) येत नाही, पण तेवढ्यावर बिनधास्त शेअर करू नका, पेशंटचं नाव कधीकधी चित्रावरच छापलेलं असतं.