पोलीस पाटील होताना

आमच्या गावचं पोलीस पाटलाचं पद रिकामं होतं तेव्हा शेजारच्या गावच्या पाटलांकडे अतिरिक्त कार्यभार होता. माणूस चांगला, पण त्यांचं स्वतःचंच गाव मोठं, वाड्या डोंगरभर पसरलेल्या. त्यामुळे कुठे वणवा लागला, कुणी विहिरीत पडलं, बांधावरून भावाभावात कुऱ्हाडी निघाल्या की लोक सवयीने अण्णांकडेच यायचे. अण्णा म्हणजे माझे सासरे. साठाव्या वर्षी नियमाप्रमाणे त्यांनी पद सोडलं, दप्तर जमा केलं, पण गावाने त्यांना निवृत्त केलंच नव्हतं. मग प्रांत ऑफिसचा जाहीरनामा लागला. आरक्षण सोडतीत आमचं गाव महिलांसाठी निघालं आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आम्ही पुणे जिल्ह्यातले, सिंहगडाच्या मागच्या अंगाचे. शहर इतकं जवळ, की पलीकडची गावं एकेक करून महापालिकेत चालली आहेत. तरी पाटीलकी म्हणजे बापाकडून पोराकडे, असं इथेही अजून बऱ्याच जणांना वाटतं. वतनी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. आताचा पोलीस पाटील १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमला जातो. अर्ज करायला दहावी पास, वय २५ ते ४५ आणि त्याच गावचा रहिवास लागतो. परीक्षा शंभर गुणांची, त्यात लेखी ८० आणि तोंडी २०. गुण सारखे पडले तर मात्र पोलीस पाटलाच्या वारसाला आधी धरतात, एवढी वारशाची खूण उरली आहे. सुनेला तिचा फायदा होतो की नाही हे विचारायची वेळ माझ्यावर आली नाही.

परीक्षेपेक्षा कागदांनी जास्त दमवलं. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं गुणपत्रक माहेरच्या नावाने. आधार, रेशन कार्ड, मतदार यादी सासरच्या नावाने. दोन्ही बाया एकच, हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला हवा आणि आमच्या लग्नाची नोंदणी कधी झालीच नव्हती. त्या काळी कोण करत होतं? गावात विवाह नोंदणी ग्रामसेवकाकडेच होते, त्यामुळे तालुक्याला धाव नव्हती. पण लग्नपत्रिका पाहिजे, लग्नातला फोटो पाहिजे, साक्षीदार पाहिजेत आणि लग्न लावलेल्या भटजींची सही पाहिजे. भटजी कधीचे वारलेले. शेवटी प्रतिज्ञापत्र करून भागलं. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत तळाशी सापडली, जपून ठेवलेल्या जुन्या सोसायटीच्या पावत्यांखाली. ज्या बायकांना पुढेमागे असा अर्ज करायचा असेल त्यांनी जाहिरातीची वाट न बघता हा एक दाखला आजच काढून ठेवावा. बाकीचे सगळे कागद वेळेत होतात.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन, मग पोलीस ठाण्यातून बोलावणं. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय दाखला, रहिवासी दाखला. सेतूवाल्या पोराने एवढ्या वेळा माझे फोटो स्कॅन केले की शेवटी म्हणाला, "ताई, आता तुमचा चेहरा कॉम्प्युटरला पाठ झाला."

लेखी परीक्षा पुण्यात झाली. त्यात गणित, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान, चालू घडामोडी आणि पोलीस पाटलाची कर्तव्यं. पहिल्या भागाला मुलाची पुस्तकं उपयोगी पडली, शेवटच्याला अण्णा. त्यांना कलमांचे नंबर सांगता येत नाहीत, पण अकस्मात मयतात काय करायचं ते त्यांनी असं सांगितलं की पुस्तकाची गरज पडली नाही. मयताला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही, आधी ठाण्याला फोन, मग घरच्यांना धीर, मग पंच कोण होतील त्यांना थांबवून ठेवायचं. मुलाखतीत विचारलं, "गावात तुमचे नातेवाईक किती?" म्हटलं, "निम्मं गाव." "मग भांडणात निःपक्षपाती कशा राहणार?" म्हटलं, "साहेब, नातेवाइकांनाच जास्त दम भरावा लागतो." समोरचे हसले. गुण किती दिले ते कळलं नाही, पण यादीत नाव आलं.

नेमणूक पाच वर्षांची असते, पुढे नूतनीकरण होत होत साठीपर्यंत. आदेश हातात आल्यावर पहिलं मोठं काम आलं ते धरणाच्या पाण्यात बुडालेल्या मुलाचं. शहरातून फिरायला आलेला पोरगा. बोट येईपर्यंत काठावर बसून राहायचं, त्याच्या मित्रांना पाण्यात उतरू द्यायचं नाही, त्याच्या आईचे फोन घ्यायचे. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

मानधन मार्च २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने १५,००० झालं. त्याआधी ६,५०० होतं आणि २०१९ पर्यंत ३,०००. अण्णांच्या हातात यापेक्षाही कमी पडलं. १५,००० ऐकून गावात काहींचे डोळे मोठे झाले, पण ते दरमहा पगारासारखे येत नाहीत. अनुदान आलं की बिल निघतं, बिल निघालं की दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम पडतात. नवीन येणाऱ्याने घरखर्च त्यावर लावू नये. शेती, दुकान, किराणा करायला मुभा आहे, फक्त बाहेरगावची पूर्ण वेळ नोकरी धरता येत नाही.

मला खरं खुपतं ते वेगळं. अण्णांना पेन्शन नाही, निवृत्तीनंतर काहीच नाही. पोलीस पाटील संघटना कधीपासून मागते आहे. मी चौकशी केली तर एकाने श्रावणबाळ योजना सुचवली. तिला वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. अण्णा म्हणाले, "जमीन असताना गरीब म्हणून सही करू?" विषय तिथेच संपला.

आणि तंटामुक्तीचे आबा तर त्याहून मागे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ ला सुरू झाली तेव्हापासून ते समितीत आहेत. माझ्याकडे आलेली निम्मी भांडणं आबांच्या ओट्यावर मिटतात आणि पाटीलबाईंनी मिटवलं असं नाव माझं होतं. बक्षीस मिळालं तर गावाला मिळतं, आबांना शाल-नारळ. रात्रीबेरात्री वाड्यावस्त्यांवर जायचं पेट्रोलही स्वतःचंच. कामाचे पैसे घेतले की मान कमी होतो, असं म्हणणारे गावात आहेत. माझा तरी अनुभव उलटा आहे. पैसे मिळायला लागल्यापासून लोक मला हक्काने उठवतात, आणि मी आले नाही तर जाब विचारतात. आबांना कुणी जाब विचारू शकत नाही आणि कुणी काही देतही नाही.

ग्रामसभेत मी निदान प्रवासखर्च द्या म्हणून विषय काढला. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, कुठल्या हेडखाली टाकू? आबा स्वतः मागून ओरडले, "मला नको, बस खाली." तरी मी अर्ज लेखी दिला आणि आवक क्रमांकाची पोच घेतली. २६ जानेवारीच्या विषयपत्रिकेवर तो येतो का, ते बघायचं आहे.