गिधाडांचे भवितव्य आणि गोठ्यातले औषध

नाशिकजवळच्या अंजनेरीचा कडा पायथ्यावरून निरखून पाहिला, तर काळ्या कातळावर ठिकठिकाणी पांढरे ओघळ उतरलेले दिसतात. ते गिधाडांच्या विष्ठेचे असतात आणि ओघळ जिथून सुरू होतो, त्या कपारीत बहुधा लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती असते. ऊन तापून हवा वर चढू लागली की हे पक्षी कड्यावरून अलगद सुटतात आणि पंख न हलवता घिरट्या घेत दिसेनासे होतात. याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला, सीतेसाठी रावणाशी झुंजलेल्या जटायूचे मंदिर आहे. ज्या मुलखात जटायूपुढे हात जोडले जातात, तिथून त्याचे वंशज कसे नाहीसे होत गेले, हे गुरे पाळणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर ही कोणाच्या काळजीची बाब नसे. कातडे सोलून झाले की गिधाडांचा थवा उतरायचा आणि काही तासांत नुसता सांगाडा उरायचा. त्यांच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडलेल्या मांसातले अनेक घातक जंतू तिथेच नष्ट होतात. हे काम इतके बिनबोभाट चालले होते की ते कोणी करत आहे याची जाणीवही कोणाला नव्हती.

1990च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांना गिधाडांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे दिसले. माना खाली टाकून बसलेले पक्षी काही काळाने मरून पडत होते. पुढे देशभर तेच चित्र दिसले आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी 99 टक्क्यांहून अधिक पक्षी दीड दशकात संपले. कीटकनाशके किंवा विषाणू यांवर बराच संशय घेतला गेला, परंतु खरे कारण 2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून सिद्ध केले. दुखण्यावर आणि सुजेवर जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते, त्याने त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर आढळत होता.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट ही, की यात कोणी शिकारी नव्हता आणि कोणाचा लोभही नव्हता. लंगडणाऱ्या बैलाच्या वेदना कमी व्हाव्यात, म्हणून शेतकऱ्याने स्वस्तात मिळणारे औषध टोचून घेतले होते. संशोधकांच्या गणितानुसार शंभरातल्या एकाहूनही कमी जनावरांच्या मांसात प्राणघातक मात्रा असली, तरी एवढी हानी होऊ शकते, कारण एका मृत जनावरावर एकाच वेळी मोठा थवा बसतो आणि एक जोडी वर्षाला एकच अंडे घालते.

गिधाडे गेल्यावर उघड्यावर पडलेल्या मांसावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या गेल्या, पाणवठे दूषित झाले. ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे संपल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात माणसांचे सुमारे 5 लाख अतिरिक्त मृत्यू झाले असावेत, असा अंदाज मांडला आहे. वन्यजीवांचे मोल विचारणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगावा. मात्र गिधाडाने जगावे यासाठी त्याने आपल्या उपयोगी पडलेच पाहिजे, ही अट मला मान्य नाही. आपल्या शेतीहून आणि गावांहून कितीतरी जुना असलेला हा जीव आपल्या एका इंजेक्शनने संपावा, एवढा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

2006 मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठी बनवलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये बाटलीचा आकार 3 मिलीलिटरपर्यंत मर्यादित करावा लागला. तितकीच घातक ठरलेली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधे मात्र जनावरांसाठी बंद व्हायला 2023 उजाडले, आणि ही दिरंगाई अक्षम्य होती. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याची जागा उभी राहिली. हरियाणातल्या पिंजोर इथल्या गिधाड प्रजनन केंद्रातून 2024च्या जानेवारीत 20 गिधाडे पेंच आणि ताडोबात आणली गेली आणि नंतर पाठीवर ट्रान्समीटर बसवून सोडण्यात आली.

सोडलेला पक्षी अभयारण्याच्या हद्दीत राहत नाही. तो शेकडो किलोमीटर उडतो आणि कोणत्याही गावाच्या वेशीबाहेर उतरू शकतो. म्हणूनच या पक्ष्याचे संरक्षण वनखात्याइतकेच गोठ्यावर आणि औषधाच्या दुकानावर अवलंबून आहे. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित ठरलेले वेदनाशामक आज सहज मिळते. गाय-बैल आजारी पडल्यास पशुवैद्यकांकडे तेच देण्याचा आग्रह धरावा, आणि उपचार सुरू असताना जनावर दगावले व कोणते औषध टोचले होते याची खात्री नसेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.